आधी निवडा, मग शिजत ठेवा : नव्याने साधनेला लागणाऱ्यांसाठी

माझी भाची अंधेरीला नोकरी करते आणि कांजूरला राहते. गेल्या श्रावणात ती माझ्याकडे परळला आली ती दमलेलीच. कामाने नव्हे, देवाने. सोमवारी बाबुलनाथ, मंगळवारी प्रभादेवीचा सिद्धिविनायक, गुरुवारी दत्ताचा मठ, शुक्रवारी महालक्ष्मी, शनिवारी मारुतीला तेल आणि रुईची माळ. फोनमध्ये जपाची तीन अॅप आणि पाच व्हॉट्सअॅप ग्रुप, प्रत्येक ग्रुपवर रोज एक नवं स्तोत्र, ‘अकरा जणांना पाठवा’ या ताकिदीसह. चहाचा कप हातात घेऊन म्हणाली, “मावशी, एवढं सगळं करते ग मी, तरी मन कुठे लागत नाही. चुकतंय काय?”

मी कोणी शास्त्री नाही. तीस वर्षं फोर्टातल्या एका कचेरीत हिशेबाच्या वह्या सांभाळल्या, आणि जाता-येता लोकलच्या बायकांच्या डब्यात हरिपाठ म्हटला. त्या बळावर तिला जे सांगितलं ते इथे पायरीपायरीने मांडते आहे. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. काही एका ढांगेत चढून होतात, एकदोन ठिकाणी मात्र दम खावा लागतो.

आधी शब्द समजून घ्या

आमच्या घोडपदेवच्या चाळीत आजी दुपारी गॅलरीत सूप घेऊन बसायची. रेशनचा तांदूळ आधी पाखडायची. कोंडा आणि फोलपटं उडून जायची. मग तांदूळ परातीत पसरून, चष्मा नाकावर ओढून, दोन बोटांनी निवडायला घ्यायची. एकदा मी विचारलं, “पाखडलं की झालं ना, आता परत काय बघतेस?” तर म्हणाली, “कोंडा हलका असतो, वाऱ्याने जातो. खडा तांदळाएवढाच असतो, तांदळाच्याच रंगाचा. तो पाखडून जात नाही, वेचावा लागतो.”

विवेक म्हणजे नेमकं हेच. संस्कृतातला ‘विच्’ हा धातू वेगळं करणं, निराळं काढणं या अर्थाचा, आणि त्यावरूनच विवेक शब्द झाला. मराठीत तर मौजच आहे. ‘निवडणे’ म्हणजे खडे वेचून टाकणं आणि ‘निवडणे’ म्हणजे पसंत करणं, दोन्हीला आपल्याकडे एकच शब्द. साधनेत ही दोन्ही कामं आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे.

दुसरा शब्द निष्ठा. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना ‘भक्तिरव्यभिचारिणी’ असं आलं आहे. म्हणजे जी इकडेतिकडे भटकत नाही ती भक्ती. शब्द कडक आहे, पण मुद्दाम तसा आहे. तांदूळ निवडून एकदा आधणात वैरला की झाकण ठेवायचं. दर मिनिटाला झाकण उचलून चमचा घालत राहिलं तर भात धड शिजत नाही. माझ्या भाचीचा घोटाळा असा, की तिने निवडलं काहीच नव्हतं आणि झाकण मात्र दिवसातून दहा वेळा उघडत होती.

पायरी पहिली : आलात कशासाठी, ते कागदावर लिहा

एक साधी वही घ्या आणि पहिल्या पानावर लिहा, मला देव कशाला हवा आहे. खरं लिहा, वही कोणी वाचणार नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत : आर्त म्हणजे संकटात सापडलेला, जिज्ञासू म्हणजे जाणून घ्यायची इच्छा असलेला, अर्थार्थी म्हणजे काही मिळवायचं असलेला, आणि ज्ञानी. पुढे दोनच श्लोकांनी भगवंत म्हणतात, हे सगळेच उदार आहेत. तेव्हा ‘मला प्रमोशन हवंय’ किंवा ‘आईचे रिपोर्ट चांगले येऊ देत’ असं लिहायला लाजू नका.

लाज वाटायला हवी ती एक लिहून दुसरंच सांगण्याची. ‘मला मोक्ष हवा’ असं लिहिणारे बरेच जण खरं तर शेजारच्या विंगमधल्या कुणाचं तोंड बंद व्हावं म्हणून पारायण करत असतात. भाचीने बराच वेळ पेन चावलं आणि शेवटी लिहिलं, “भीती वाटते. कसली ते माहीत नाही.” माझ्या मते याहून चांगली सुरुवात नाही.

पायरी दुसरी : श्रेय आणि प्रेय

कठोपनिषदात नचिकेता नावाचा मुलगा यमाच्या दारी जातो. मेल्यावर माणसाचं काय होतं, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. यम त्याला टाळायला बघतो. शंभर वर्षं जगणारी मुलंनातवंडं माग, हत्ती-घोडे, सोनं, हवी तेवढी जमीन माग, पण हे विचारू नकोस. पोरगा ऐकत नाही. मग यम सांगतो, की माणसापुढे श्रेय म्हणजे हिताचं आणि प्रेय म्हणजे आवडीचं, दोन्ही येतात, आणि धीर माणूस त्या दोहोंना वेगवेगळं करून पाहतो. तिथे क्रियापद आहे ‘विविनक्ति’. आजीच्या परातीतलंच काम.

रोजच्या व्यवहारात हे असं करा. साधनेची म्हणून जी जी गोष्ट करता तिच्यापुढे वहीत एक खूण करा : हे केल्याने मला बरं वाटतं, की माझं बरं होतं? आरतीचा व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला की बरं वाटतं. सासूबाईंना न चिडता औषध दिलं तर बरं होतं. काही गोष्टींपुढे दोन्ही खुणा येतील, त्या ठेवाच. आठ दिवस एवढंच करा. भाचीच्या यादीतल्या एकोणीस गोष्टींपैकी सहाच उरल्या, आणि त्याही मी एक शब्द न बोलता.

वेदान्तात याच गोष्टीची मोठी आवृत्ती आहे, नित्यानित्यवस्तुविवेक. टिकणारं काय आणि जाणारं काय, ते ओळखणं. वैराग्य, मन-इंद्रियं आवरण्यासारखे शमदमादी सहा गुण आणि मुमुक्षुत्व म्हणजे मोक्षाची ओढ यांच्यासह ते साधनचतुष्टयात, म्हणजे साधनेच्या चार साधनांत, पहिलं धरलं आहे. नवख्याने एवढ्या मोठ्या शब्दांनी दबून जाऊ नये. आठ दिवसांच्या खुणा हा त्याचाच बालवर्ग.

पायरी तिसरी : माणूस पारखा. इथे घाई नको

सगळ्यात जास्त खडे याच परातीत असतात, म्हणून इथे थोडी थांबते.

मीही फसले आहे. वीस-बावीस वर्षं झाली असतील. यजमानांची नोकरी गेली होती, मुलगा दहावीला. ओळखीतून एका ‘गुरुजीं’चं नाव कळलं. पहिल्या भेटीत त्यांनी एक पैसा घेतला नाही. दुसऱ्या भेटीत म्हणाले, घराण्यात दोष आहे. तिसऱ्या भेटीत दोषाची किंमत सांगितली, अकरा हजार. चौथ्या भेटीत शांत आवाजात म्हणाले, “नाही केलंत तर मुलावर येईल.” मी बांगडी मोडली. घरी कोणाला सांगायचं नाही, अशी अट होती, ती मी पाळली. मुलगा बहात्तर टक्क्यांनी पास झाला. तो अभ्यासाने झाला, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत असूनही मी पैसे दिले. भीती माणसाला अशी आंधळी करते.

त्या चार भेटींचा क्रम नीट बघा. आधी फुकट, मग दोष, मग किंमत, मग भीती, आणि या सगळ्यावर गुपिताचं झाकण. आजही हाच क्रम आहे. फरक इतकाच, की आता पहिली भेट फोनवर होते आणि अकरा हजार यूपीआयने जातात.

समर्थांनी दासबोधाच्या पाचव्या दशकातला दुसरा समास गुरुलक्षणावर खर्च केला आहे, आणि त्याची सुरुवातच अशी आहे :

जे करामती दाखविती । तेही गुरु म्हणिजेती ।
परंतु सद्गुरु नव्हेती । मोक्षदाते ॥

म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीच चमत्काराचा निकाल लावून टाकला. करामत दाखवणारा करामतीचा गुरू, गाणं शिकवणारा गाण्याचा गुरू, पण सद्गुरू ही वेगळी गोष्ट.

कोणाकडे जायचं झालं तर मी ज्या गोष्टी बघते त्या सांगते. प्रश्न विचारला की त्यांच्या कपाळावर आठी पडते का? गीता चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचा मार्ग सांगते तो प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा असा. नमस्कार आणि सेवा यांच्या मधोमध प्रश्न बसवला आहे. जिथे नमस्कार चालतो, सेवा चालते आणि प्रश्न तेवढा चालत नाही, तिथून चपला घालून निघा. खुद्द श्रीकृष्ण अठरा अध्याय सांगून झाल्यावर अर्जुनाला म्हणतात, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. भगवंताने जी मोकळीक दिली ती एखादा बुवा देत नसेल, तर तो स्वतःला कोण समजतो?

आणखी बघायचं ते असं. पैशाचा हिशेब उघड आहे की पाकिटातला? घरच्यांपासून तोडतात की घरच्यांशी नीट वागायला सांगतात? डॉक्टरची गोळी बंद करायला सांगतात का? बाईला एकटीला आत बोलावतात का? शेवटच्या दोन्हींना अपवाद नाही. तिथे विचार करत बसायचं नाही, उठायचं.

आपल्या राज्यात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं, भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे देणं, हे सगळं गुन्ह्यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायची. या कायद्याने भजन-पूजन बंद होणार, अशी आवई त्या वेळी फार उठली होती. प्रत्यक्षात पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, वारी, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन हे सगळं त्यातून स्पष्टपणे वगळलेलं आहे. माझ्या मते हा कायदा म्हणजे सरकारी परातीतला विवेकच. माझ्या बांगडीच्या वेळी तो नव्हता, आणि असता तरी मी तक्रार दिली असती का, देव जाणे.

गुरू नसेल तर? बिघडत नाही. नामाला गुरूची वाट बघायची गरज नाही. मुळात ‘गुरू शोधतेय’ हे अनेकदा काहीच न करण्याचं सोवळं कारण असतं.

पायरी चौथी : एकाला धरा

एक कोण, हे कसं ठरवायचं? कुलदैवत असतंच, त्याचा कुळाचार घरच्या रीतीने करावा. पण रोजच्या साधनेचा देव, ज्याला इष्ट म्हणतात, तो आपल्या ओढीचा असावा. माझी युक्ती साधी आहे. भर पावसात दादरच्या पुलावरून पाय घसरला तर तोंडातून कोणाचं नाव निघतं? तोच तुमचा. भाची म्हणाली, “आई ग निघतं.” मी म्हटलं, मग देवी धर. नंतर म्हणाली, नाही, लहानपणी आजोबा मला खांद्यावर घेऊन आषाढीला वडाळ्याच्या विठ्ठलाला न्यायचे, तेव्हा अर्धा दिवस रांगेत जायचा आणि तो मला अजून आठवतो. झालं तर. रांगेसकट जो आवडला तो खरा.

ज्ञानेश्वर महाराजांनी तेराव्या अध्यायात आमच्या भाचीचं चित्र सातशे वर्षांपूर्वीच काढून ठेवलं आहे. अज्ञानाची लक्षणं सांगताना ते असा भक्त दाखवतात, जो मूर्ती करून घराच्या कोपऱ्यात बसवतो आणि स्वतः इतर देवदेवींच्या यात्रा करत सुटतो. चतुर्थी आली की गणपतीचा, चतुर्दशीला देवीचा. त्यातली एक ओवी अशी :

एकादशीच्या दिवशीं । जेतुला पाडु आम्हांसी ।
तेतुलाचि नागांसी । पंचमीच्या दिवशीं ॥

म्हणजे श्रीकृष्ण म्हणतात, एकादशीला जेवढा मान मला, तेवढाच पंचमीला नागाला. ही ओवी मी भाचीला वाचून दाखवली तेव्हा ती आधी हसली आणि मग बराच वेळ गप्प बसली.

पण इथेच दुसऱ्या बाजूचा खड्डा आहे. एकाला धरायचं म्हणजे बाकीच्यांकडे पाठ फिरवायची, असं नाही. पंढरपूरच्या नरहरी सोनारांची गोष्ट परंपरा सांगते. कट्टर शिवभक्त, पंढरीत राहून विठ्ठलाचं तोंड बघायचं नाही, असा पण. एका सावकाराने विठ्ठलासाठी करगोटा करायला सांगितला. माप बरोबर येईना. शेवटी डोळ्यांना पट्टी बांधून ते माप घ्यायला गाभाऱ्यात गेले. हाताला लागले ते शंकराचे अलंकार. पट्टी काढली तर समोर विठ्ठल. परत बांधली तर परत शंकर. शेवटी त्यांनी पट्टी टाकून दिली.

मला या गोष्टीत आवडतं ते असं, की नरहरींची निष्ठा खोटी ठरत नाही. हात शंकरालाच शोधत होते आणि शंकरच सापडला. पट्टी तेवढी फाजील होती. एकनिष्ठा आणि हट्ट यांतला फरक दाखवणारी याहून चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही.

पायरी पाचवी : नेम लहान घ्या

नवख्यांची गाडी इथे हमखास घसरते. उत्साहाच्या भरात रोज अकरा माळा, विष्णुसहस्रनाम आणि एक अध्याय, असा बेत ठरतो. सोमवार जातो, मंगळवार जातो, बुधवारी हार्बरवर रेल्वेचा खोळंबा होतो आणि गुरुवारी सगळंच सुटतं.

पतंजलींनी अभ्यास पक्का होण्यासाठी तीन गोष्टी सांगितल्या : पुष्कळ काळ, खंड न पाडता, आणि आदराने. ‘पुष्कळ’ हे विशेषण काळाला आहे, संख्येला नाही, हे लक्षात ठेवा.

म्हणून सुरुवातीला एक माळ. ‘राम कृष्ण हरी’ सावकाश म्हटलं तर १०८ मणी चार-पाच मिनिटांत होतात. माळ उजव्या हातात, मधल्या बोटावर घ्यावी, अंगठ्याने मणी ओढावा, तर्जनी बाजूला ठेवावी. मोठा मेरुमणी आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून उलट निघायचं. आवाजात म्हटला तर वाचिक, नुसते ओठ हलले तर उपांशू, मनातल्या मनात तो मानस. मानस श्रेष्ठ म्हणतात. पण सुरुवातीला मानस करायला बसलं की दुसऱ्या मिनिटाला भाजीची यादी सुरू होते. ओठ हलू द्यावेत.

वेळ कोणती? ब्राह्ममुहूर्त उत्तमच, पण ज्या घरात चारजण एकाच खोलीत झोपतात आणि पाचला पाणी येतं, तिथे ब्राह्ममुहूर्त हा पाणी भरण्याचा मुहूर्त असतो. मी कित्येक वर्षं कुकरच्या शिट्टीवर जप केला. कुकर लावायचा, ओट्याशी उभं राहायचं, तीन शिट्ट्यांत माळ पुरी. आदर हवा म्हणून हात धुऊन, पदर नीट करून. देव्हाऱ्यासमोर पाट मांडून बसणाऱ्या एका बाईंनी मला एकदा नाक मुरडलं होतं. मुरडू दे.

लोकलमध्ये करणार असाल तर पहिले आठ दिवस फक्त जागा ठरवा. मी दादरहून चढायचे आणि दुसऱ्या दारापाशी, पंख्याखाली, पार्टिशनला टेकून उभी राहायचे. गर्दीत हरिपाठाची पुस्तिका छातीशी धरायची, पान उलटायला अंगठा पुरतो. हरिपाठ एकदा तोंडी बसला की वीस-पंचवीस मिनिटांचा आहे, म्हणजे दादर ते सीएसएमटी थोडा कमी पडतो. उरलेले अभंग मी चालता चालता, कचेरीच्या जिन्यापर्यंत पुरवायची. डब्यात टाळ वाजवून भजन करायची आपली मोठी परंपरा आहे आणि मला ती प्रिय आहे. पण रात्रपाळी करून आलेली एखादी नर्स खिडकीला डोकं टेकून झोपली असेल, तर टाळ पिशवीतच ठेवावेत.

मुदत किती? आपल्याकडे तयार माप आहे, चातुर्मास. आषाढ शुद्ध एकादशी ते कार्तिक शुद्ध एकादशी. एक नेम धरायचा आणि चार महिने त्यात काहीही बदलायचं नाही. वाढवायचाही नाही. वाढवायचा मोह हा सोडण्याच्या मोहाचा जुळा भाऊ आहे. आषाढी निघून गेली असेल तर आजपासून चार महिने मोजा.

नेम मोडला तर

मोडणारच. दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. दंड भरल्यासारखी साधना केली की देव पोलीस वाटायला लागतो. नेहमीची एक माळ करा आणि पुढे चला. वहीत त्या दिवशी रिकामी चौकट ठेवा, खोटी खूण नको.

पाळीच्या दिवसांत किंवा सुतकात काय, हे मला मुली दबक्या आवाजात विचारतात. घरच्या रीतीवर मी वाद घालत नाही. पण नामस्मरणाला विटाळ नाही, हे संतांनी निःशंक सांगितलं आहे. चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी तर देहाला विटाळ म्हणणाऱ्या सगळ्यांनाच उलट प्रश्न विचारला, तोही चौदाव्या शतकात. त्या चार दिवसांचं निमित्त करून माळ खुंटीला टांगू नका.

मग कोरडे दिवस. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी सगळं रबरासारखं लागायला लागतं. तेव्हा हात आपोआप फोनकडे जातो : कुठला तरी दुसरा मंत्र जास्त ‘पॉवरफुल’ असेल का? झाकण उचलायचा मोह होतो तो नेमका इथे. अर्जुनानेही मन वाऱ्यासारखं आवरत नाही, अशी तक्रार केली होती, आणि त्याला उत्तर मिळालं ते अभ्यास आणि वैराग्य एवढंच. नवा मंत्र नाही मिळाला.

याचं मुंबईतलंच उदाहरण हवं असेल तर खेतवाडीतलं घ्या. निसर्गदत्त महाराज, मूळचे मारुती कांबळी, गिरगावात विड्यांची दुकानं चालवायचे. १९३३ साली त्यांना सिद्धरामेश्वर महाराज भेटले. ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहा, एवढीच गोष्ट गुरूंनी सांगितली आणि ती त्यांनी धरली. तीनच वर्षांनी, १९३६ साली, गुरू गेले. पुढे १९८१ साली देह ठेवीपर्यंत, घरातल्या लहानशा माडीवर बसून, येईल त्याला ते तीच एक गोष्ट सांगत राहिले. देशोदेशीचे लोक त्या गल्लीत जिना चढून यायचे. बाजूच्या पानपट्टीवाल्याला पत्ता विचारत येत असतील, असं माझं आपलं चित्र.

पायरी सहावी : ऐकायला जा, पण लगेच नाव नोंदवू नका

एकट्याने किती दिवस ओढणार? संगत लागते. मुंबईत ती मिळते. माधवबागेतली श्रीमद्भगवद्गीता पाठशाळा १९२६ सालची, पांडुरंगशास्त्री आठवल्यांच्या वडिलांनी सुरू केलेली. खारला रामकृष्ण मठ आहे. पवईला चिन्मय मिशनचं सांदीपनी साधनालय आहे. शिवाय तुमच्या वाडीतल्या मारुतीच्या देवळात शनिवारी कोणीतरी पेटी काढून बसतच असेल, ते सर्वात जवळचं. वाचायचं असेल तर दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. तिथे ज्ञानेश्वरीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून बघता येतात, आणि एकाच ओवीवर विद्वान किती भांडतात, हे पाहून मन हलकं होतं.

तीन-चार ठिकाणी ऐका, मागच्या रांगेत बसा. मग एक धरा. इथेही तेच : आधी निवडणं, मग झाकण.

जमतंय की नाही, हे कसं ओळखायचं?

प्रकाश दिसला, सुगंध आला, अंगावर काटा आला, हे सगळं बाजूला ठेवा. येतं आणि जातं. गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणं सुरू होतात ती ‘अद्वेष्टा सर्वभूतानाम्’ इथून, कोणाचाही द्वेष न करणारा. म्हणजे परीक्षा देव्हाऱ्यात नाही, माणसांत आहे. मुंबईत तर ती रोज सकाळी आठ-दहाच्या फास्टला असते.

एकदा घाटकोपरला एक बाई चढल्या, सीटवर आम्ही तिघी. “जरा सरकता का?” म्हणाल्या. माझ्या हातात हरिपाठ, तोंडात ‘देवाचिये द्वारी’, आणि मनात आलं, ही बया नेमकी आत्ताच कशी आली. पाय तसूभरही हलवला नाही. त्या बाई कुर्ल्यापर्यंत उभ्या होत्या. उतरताना त्यांच्या पिशवीतून फुलांचा पुडा डोकावत होता, वरती तुळशीची मंजिरी. त्या दिवशी वहीत मी माळेपुढे खूण केली नाही.

घरच्यांना विचारणं हाही एक उपाय. नवऱ्याला, सुनेला, मुलाला सरळ विचारा : “गेल्या चार महिन्यांत माझं ओरडणं कमी झालंय का?” उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारा. आमच्याकडे मुलगा म्हणाला, “एकादशीला जास्त होतं.” उपासाने पित्त होतं मला. तेव्हापासून मी एकादशीला साबुदाणा सोडला, वरीचे तांदूळ खाते, आणि शांतता बरी आहे.

भाचीचं पुढे

चार महिने उलटल्यावर ती परत आली. वहीत एकशे सव्वीस चौकटी, त्यातल्या एकोणतीस रिकाम्या. अॅप काढून टाकली होती. ग्रुप दोन उरले होते आणि त्यातला एक सोसायटीचा. भीती गेली का, असं मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता.

“मावशी, ऑफिसातल्या मुली मंगळवारी सिद्धिविनायकाला चालल्यात. मी आता विठ्ठलाची ना? मग जाऊ की नको?”

“जा की. रांगेत उभं राहायला तुला आवडतंच. येताना दादरला उतर आणि फुलबाजारातून तुळस आण. जुडी घेताना उलटी करून बघ, आत काळी पडलेली घालतात.”